चार भावंडांत दोघांना रक्ताचा कॅन्सर. दादाला माझ्या पेशी चालतील का?

कोयनाकाठ

नमस्कार. इथं बरेच महिने नुसती वाचत होते, लिहितेय पहिल्यांदाच. लांबलं तर सांभाळून घ्या. मी पतसंस्थेत वसुली विभागात आहे. आकडे कळतात, पेशी कळत नाहीत.

आम्ही चार भावंडं. अक्का, दादा, मी आणि धाकटा. अक्का १९९६ साली गेली, एकतीस वर्षांची होती. तिची हिरव्या रेक्झिनची फाईल आईनं कपाटात अजून जपून ठेवलीय. त्यावर 'क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया' असं लिहिलंय. मला आठवतं ते एवढंच की तिची पाणथरी वाढली होती. पोटाच्या डाव्या बाजूला हात लावला की पाट्यासारखं टणक लागायचं आणि दोन घास खाल्ले की तिचं पोट भरायचं. बुसल्फानच्या गोळ्या होत्या. शेवटचे दोन महिने त्यांचाही उपयोग झाला नाही.

आता दादा. वय ५४, स्वतःचं गॅरेज. मे महिन्यात हिरड्या सुजल्या म्हणून दाताच्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनी दाताला हात न लावता आधी रक्त तपासायला पाठवलं (त्या बाईंचे उपकार आहेत). हिमोग्लोबिन ६.२, प्लेटलेट १८,०००. मग पुण्याला, कमरेच्या हाडातून मगज काढून तपासला आणि निदान एएमएल (अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया). पहिली केमो झाली. डॉक्टर म्हणतात पुढं बोन मॅरो ट्रान्सप्लांट लागेल, भावंडांचं एचएलए (पेशी जुळतात का ते ठरवणाऱ्या खुणा) बघू. मी आणि धाकट्यानं रक्त देऊन आठ दिवस झाले.

आता खरा प्रश्न. दवाखान्याच्या व्हरांड्यात वहिनीचा भाऊ सगळ्यांच्या देखत म्हणाला, "यांच्या रक्तातच आहे ते. एक गेली, दुसरा पडला, आता तिसऱ्याचंच रक्त घालणार होय?" मला राग आला, पण रात्री झोप लागेना. माणूस बोलला वाईट, पण चूक बोलला का?

माझी मुलगी बावीस वर्षांची आहे. साताऱ्याचं स्थळ जवळजवळ ठरलं होतं. दादाचं कळल्यावर आठवड्यात निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका त्यांनी फेब्रुवारीतच पाहिली होती, २९ गुण जुळले होते.

आणखी एक, कदाचित याच्याशी संबंध नसेलही. मुलीच्या वेळी सिझेरियन झालं तेव्हा माझ्या प्लेटलेट कमी होत्या, १ लाख १५ हजार. भूलवाले डॉक्टर जरा कुरकुरले होते. नंतर कुणी काही म्हटलं नाही. दादाचा लहानपणी उन्हाळ्यात घोळणा फुटायचा, आजी कांदा फोडून हुंगायला द्यायची. पण घोळणा कुणाचा फुटत नाही?

काचपट्टी

ताई, मी तीस वर्षं रक्ताच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होतो, आता निवृत्त. डॉक्टर नाही, तेव्हा माझं ऐकून तुमच्या डॉक्टरांना प्रश्न विचारा, निर्णय घेऊ नका.

आधी अक्का आणि दादा यांना एका दोरीत ओवू नका. 'रक्ताचा कॅन्सर' हे आडनाव आहे, एका माणसाचं नाव नाही. अक्कांच्या सीएमएलमध्ये (क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया) ९ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत अदलाबदल होतात, त्यातून जे आखूड २२ तयार होतं ते फिलाडेल्फिया गुणसूत्र. १९६० साली ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं आणि १९७३ साली जॅनेट राउली यांनी ही अदलाबदल दाखवून दिली. हा बिघाड जन्मानंतर मगजातल्या एखाद्या पेशीत होतो. तो आईबापांकडून येत नाही आणि मुलांना जात नाही. अक्काच्या दुखण्याचा तुमच्या मुलीशी संबंध लावणारा माणूस सीएमएलबद्दल काहीच जाणत नाही, एवढं खुशाल म्हणा.

घराण्यात चालण्याचं प्रमाण त्या त्या आजारावर ठरतं. स्वीडनमध्ये सगळ्या देशाच्या कुटुंबांच्या आणि कॅन्सरच्या नोंदी एकमेकींना जोडलेल्या आहेत. त्यांतून दीड लाखावर रक्ताच्या कॅन्सरचे रुग्ण तपासले, तो अभ्यास २०१९ मध्ये आला. आईवडील, भावंडं किंवा मुलं यांच्यापैकी कुणालातरी असाच आजार असलेले निघाले ४.१ टक्के. म्हणजे शंभरातले शहाण्णव एकटेच. भावंडांचा धोका त्यातल्या त्यात ठळक दिसतो तो सीएलएल आणि हॉजकिन या दोन प्रकारांमध्ये. तिथंही 'कित्येक पट' हा शब्द ऐकून घाबरायचं नाही. मुळात जे वर्षाला लाखात चारपाच जणांना होतं ते कित्येक पट झालं तरी थोडंच असतं.

दादांच्या गॅरेजबद्दल विचारतो. हात कशानं धुवायचे? पेट्रोलनं ना? पेट्रोलमध्ये बेंझीन असतं आणि बेंझीनमुळे एएमएल होतो हे पक्कं ठरलेलं आहे. दादांना त्यामुळेच झाला असं मी म्हणत नाही, तसं एका माणसाबद्दल कुणालाच सांगता येत नाही. पण कारण शोधायला दरवेळी खानदानातच शिरावं लागतं असं नाही.

आता तुम्ही जे शेवटी, जाता जाता लिहिलंत, ते माझ्या मते पहिल्या ओळीत यायला हवं होतं. प्लेटलेट. त्यावर रात्री सविस्तर लिहितो, नातवाला क्लासहून आणायचंय.

गोळी_जेवणानंतर

अक्कांबद्दल वाचून गलबललं. मला तोच आजार आहे. २००८ साली निदान झालं, तेव्हापासून रोज जेवणानंतर पाणी भरपूर पिऊन इमॅटिनिबची एक गोळी. शेतात जातो, ट्रॅक्टर चालवतो. हे औषध अमेरिकेत २००१ साली बाजारात आलं. तुमच्या अक्कांना पाचसहा वर्षं कमी पडली, दुसरं काही नाही. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानं मूळ गोळीवाल्या नोव्हार्टिस कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला, तेव्हापासून देशी गोळीवरची टांगती तलवारही गेली.

मला तीन भाऊ, एक बहीण. निदान झाल्यावर कुणाची काही तपासणी करायला डॉक्टरांनी सांगितलं नाही. गरजच नाही म्हणाले. सगळे ठणठणीत आहेत, एकाला फक्त साखर.

श्रीकृपा

ताई, औषधपाणी चालू राहू द्या, पण एकाच पिढीत दोघं म्हणजे पितृदोषाचं बघून घ्या. त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करून या. आणि प्लेटलेटला पपईच्या पानांचा रस सकाळी उपाशीपोटी. आमच्या जाऊबाईंच्या डेंग्यूत चार दिवसांत वाढल्या.

दोन_नंबर

डेंग्यूत साधारण आठवड्यानंतर त्या आपोआपच वाढतात हो, रस प्या नाहीतर चहा प्या.

ताई, मी २०१९ मध्ये माझ्या मोठ्या बहिणीला स्टेम सेल दिले, म्हणून लिहितोय. लोकांना वाटतं कण्यातून काही काढतात. तसं नाही. चारपाच दिवस रोज फिलग्रॅस्टिमचं इंजेक्शन देतात, त्यानं मगजातल्या मूळ पेशी रक्तात उतरतात. तिसऱ्या दिवसापासून कंबर आणि मांड्यांची हाडं आतून ठणकतात, ताप येण्याआधी अंग मोडून येतं तसं. पॅरासिटामॉलवर भागलं. मग एके दिवशी दोन्ही हातांत सुया घालून मशीनला जोडतात. एका हातातून रक्त जातं, मशीन हव्या त्या पेशी वेगळ्या करतं, बाकीचं दुसऱ्या हातातून परत. माझे चार तास गेले. मध्येच ओठांना मुंग्या यायला लागल्या. रक्त गोठू नये म्हणून जे औषध घालतात त्यानं कॅल्शियम खाली जातं, त्यांनी लगेच कॅल्शियम दिलं. सगळ्यात मोठा छळ म्हणजे नाक खाजतं आणि दोन्ही हात अडकलेले. शेवटी सिस्टरना विनंती केली.

पिशवी बघितली तर टोमॅटोच्या साराच्या रंगाची, केवढीशी. बहीण आता पंढरपूरला चालत जाऊन आली. तिचा रक्तगट बी होता, आता माझा ओ झालाय. भाऊबीजेला ओवाळताना म्हणते, हे काय, स्वतःलाच ओवाळल्यासारखं.

जुळण्याचं गणित असं की आईकडे एचएलएचे दोन संच, बाबांकडे दोन. प्रत्येक मुलाला एकेक मिळतो, म्हणजे चार जोड्या. तुमची आणि दादांची जोडी तीच निघण्याची शक्यता चारात एक. तुम्ही दोघं आहात, म्हणून निदान एक तरी पूर्ण जुळण्याची शक्यता साधारण ४४ टक्के. आणि अर्धं जुळणारं भावंडही हल्ली चालवतात. आपल्याकडे प्रत्यारोपणही नवं राहिलेलं नाही, मुंबईत टाटाला डॉ. सुरेश अडवाणींनी देशातलं पहिलं बोन मॅरो प्रत्यारोपण १९८३ मध्ये केलं.

काचपट्टी

श्रीकृपाताई, पूजा ज्यानं त्यानं ठरवावी, पण कोयनाकाठताईंनी पुढच्या तपासणीपर्यंत प्लेटलेटसाठी काहीही घेऊ नये. खरा आकडा दिसायला हवा.

तर प्लेटलेट. १ लाख १५ हजार हा आकडा बाळंतपणात अनेकींचा असतो आणि नंतर जागेवर येतो. दुसरी शक्यता मशीनची. जांभळ्या टोपणाच्या बाटलीत ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असतं, त्यात काहींच्या प्लेटलेट गुठळ्या करून बसतात. मशीन गुठळीला एक समजतं आणि आकडा कमी येतो. माणसाला काहीच नसतं. मी अशा कितीतरी जणांच्या काचपट्ट्या बघून घरी पाठवलेत. म्हणून पहिलं काम, नवा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि काचपट्टीवर डोळ्यांनी पाहणी.

पण बाळंतपण सोडूनही वर्षानुवर्षं आकडा तेवढाच राहत असेल, तर ती गोष्ट वेगळी. काही थोड्या घराण्यांत आरयूएनएक्स-१ नावाच्या जनुकात जन्मजात खोट असते. प्लेटलेट जरा कमी, लवकर काळंनिळं पडतं, जखमेचं रक्त लवकर थांबत नाही, बाकी माणूस धडधाकट. त्यांच्यापैकी काहींना पुढं कधीतरी एएमएल होतो. सगळ्यांना नाही. एएनकेआरडी-२६ आणि ईटीव्ही-६ ही आणखी दोन जनुकं, यांचंही पहिलं लक्षण प्लेटलेटच. डीडीएक्स-४१ म्हणून एक आहे, त्यात साठीपर्यंत बहुधा काहीच कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ च्या वर्गीकरणात या जन्मजात प्रकारांचा वेगळा गट केला. अशा घरात प्रत्येक मुलाला ती खोट मिळण्याची शक्यता निम्मी.

तुमच्या पाहुण्यांनी व्हरांड्यात जे म्हटलं त्यातला धागाभर खरा भाग असेल तर तो हा. भावंडांचं एचएलए पूर्ण जुळलं, पण तीच खोट दात्यातही असली, तर आपण तोच बिघाड पुन्हा पेरतो. दात्याच्या पेशींतूनच रुग्णाला पुन्हा ल्युकेमिया झाल्याच्या नोंदी आहेत. हे डॉक्टरांना माहीत असतं, पण घोळणा, सिझेरियनच्या वेळच्या प्लेटलेट हे तुम्ही सांगितल्याशिवाय त्यांना कसं कळणार? फॉर्मवर 'घरात कुणाला कॅन्सर?' एवढीच ओळ असते.

घरात विचारा, आईबाबांपैकी कुणाचं रक्त थांबायला वेळ लागायचा का. तुमचे जुने सीबीसी मिळतील तेवढे काढा. आणि दादांची जनुकतपासणी करायची ठरली तर ती त्यांच्या रक्तावर करून भागत नाही. रक्तातच रोग आहे, रोगाचे बिघाड आणि जन्माचे बिघाड एकत्र दिसतात. लाळेतही पांढऱ्या पेशी असतात, म्हणून तीही बाद. कातडीचा छोटा तुकडा घेतात, त्यातल्या पेशी वाढवतात आणि त्या तपासतात. त्याला आठवडे लागतात. तुम्हाला आजार नाही, तेव्हा तुमचं साधं रक्त चालेल.

जुळ्यांची_आई

विषय निघालाच आहे तर, माझे एकसारखे जुळे आहेत, पाच वर्षांचे. त्यांच्यात एकाला झालं तर दुसऱ्याला होतोच असं वाचलं आणि हातपाय गळाले. दोघंही ठीक आहेत, नुसतंच वाचलं.

काचपट्टी

नका वाचू रात्रीचं. एकसारख्या जुळ्यांत जे दिसतं तो वारसा नसतोच. पोटात दोघांची वार एक असली की एकाच्या रक्तात तयार झालेली बिघडलेली पेशी वारेतून दुसऱ्यात जाते. म्हणून पहिल्या वर्षाच्या आत एकाला झाला तर दुसऱ्याला जवळजवळ नक्की, दोनतीन वर्षांनंतरच्या नेहमीच्या एएलएलमध्ये (लहान मुलांतला ल्युकेमिया) दहापंधरा टक्के. तुमच्यात एकालाही झालेला नाही. विषय संपला. खेळू द्या पोरांना.

कोयनाकाठ (साडेतीन आठवड्यांनी)

उशीर झाला, माफ करा. पुण्याला फेऱ्या चालू होत्या.

एचएलए आलं. मी पूर्ण जुळले. धाकटा अर्धा. फोनवर कळलं तेव्हा वहिनी रडली, मी गप्प. काचपट्टीकाकांनी लिहिलेलं डोक्यात होतं.

जुने कागद शोधले. वसुलीच्या बाईला थकबाकी काढायला सांगितली तर ती काढतेच. २००३ मध्ये सिझेरियनच्या वेळी १,१५,०००. २०११ मध्ये गर्भाशयाची गाठ तपासली तेव्हा १,०९,०००. २०१९ मध्ये पतसंस्थेच्या आरोग्य शिबिरात १,११,०००, त्यावर बारीक अक्षरात 'कमी' असं लिहिलेलं आणि मी तो कागद विम्याच्या पावतीमागं लावून ठेवला होता. आता नवा १,०८,०००, काचपट्टीवर डोळ्यांनी पाहूनही तेवढाच. गुठळ्या नाहीत. बावीस वर्षं एकाच जागी खिळलेलं खातं. आईला विचारलं तर म्हणाली, बाबांची अक्कलदाढ काढली तेव्हा दोन दिवस रक्त थांबलं नव्हतं, उशी बदलावी लागली होती. बाबा अटॅकनं गेले, त्यामुळे कुणाच्या ते डोक्यातच आलं नाही.

हे सगळं एका कागदावर लिहून डॉक्टरांसमोर ठेवलं. त्यांनी पहिल्यांदा पेन खाली ठेवलं. मग आमची वंशावळ काढली. पुरुष चौकोन, बाई गोल, आजार झाला तो काळा, गेला त्याच्यावर तिरकी रेघ. अक्काचा गोल काळा, वर रेघ. दादाचा चौकोन काळा. माझ्या गोलात त्यांनी एक ठिपका दिला आणि शेजारी प्रश्नचिन्ह. धाकट्याचा चौकोन कोरा, त्याच्या प्लेटलेट २,६०,०००.

म्हणाले, तुमचं तूर्त थांबवू. मला त्याचं वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. ज्याचं स्वतःचंच खातं तपासणीत आहे त्याला आम्ही जामीनदार घेत नाही, मग भाऊ कितीही सख्खा असो. दादाच्या हाताच्या आतल्या बाजूची कातडी काढली, मसुरीच्या डाळीएवढी, एक टाका. ती गेलीय तपासायला. दादा म्हणतो, गॅरेजचा माणूस मी, पार्ट कुठून आला त्यापेक्षा बसतो का ते बघा.

पहिल्या केमोनंतरच्या मगजात रोग दिसत नाही. दुसरी चालू आहे. तिसरीच्या आत कातडीचा अहवाल आला तर ठीक, नाहीतर धाकट्याचे अर्धे जुळणारे घ्यायचे असं ठरलंय. रोग थांबून राहत नाही, त्यामुळे अहवालासाठी दादाला थांबवणार नाहीत.

अक्काची फाईलही नेली होती. त्यात प्लेटलेट ६,४०,०००. मला वाटलं, चला, ती तरी यातून सुटली. डॉक्टर म्हणाले, सीएमएलमध्ये प्लेटलेट अनेकदा वाढतात, त्यामुळे तिच्यात ही खोट होती की नव्हती ते या कागदावरून कधीच कळणार नाही. तिचा आजार मात्र वेगळा होता, यात शंका नाही. फाईल पुन्हा कपाटात ठेवली. आईला एवढंच सांगितलं.

मुलीला मी सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, "आधी मामाचं कळू दे. मग तुझं. मग मी बघीन." तिचा सीबीसी करून टाकावा असं मला दहादा वाटलं, पण तिच्या रक्तावर तिचा हक्क. साताऱ्याच्या मंडळींना परवा एका लग्नात पाहिलं. पानावर शेजारी बसायची वेळ आली, तर त्यांनी जिलेबीचा आग्रह केला.

सोमवारी धाकट्याच्या दात्याच्या तपासण्या आहेत. लहानपणी बीसीजीच्या सुईला घाबरून हा धान्याच्या कणगीत लपला होता. इंजेक्शनं चार नाही पाच असतात, हे त्याला सांगितलंय. दोन_नंबरदादा, ओठांच्या मुंग्यांचं आणि नाकाचं मात्र अजून सांगितलेलं नाही.